जर्मनीतला मुलगा

भाट्याचा पूल मागे टाकून फणसोपचा चढ चढेपर्यंत आम्रपाली एक शब्द बोलली नव्हती. माझं मनातल्या मनात नाम चालू होतं, त्यामुळे मला ते बरंच होतं. चढ संपला तशी ती रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर टेकली, चपलेत गेलेला खडा झटकला आणि म्हणाली,

"राही, बँकेत माझा मुलगा अजून जिवंत आहे गो."

"परत गेली होतीस?"

"परवा गेले. साहेब म्हणाले, नोंद निघत नाही. म्हटलं, ती निघेपर्यंत मी पण इथून निघत नाही. शेवटी शटर ओढायची वेळ झाली तेव्हा उठले."

नव्या माणसाला हे बोलणं ऐकून भलतंच काहीतरी वाटेल, म्हणून आधीच सांगते. आम्रपाली गंगाराम तांबे हिचं लग्न झालेलं नाही. तिला मूलबाळ नाही. आणि तरी रत्नागिरीतल्या एका बँकेच्या कागदोपत्री तिला मुलगा आहे, तो जर्मनीत असतो आणि म्हाताऱ्या आईला खर्चाला पैसे पाठवतो.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी रत्नागिरीहून पावसच्या मठापर्यंत चालत जायचा माझा नेम आहे. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षापासूनचा. आम्रपाली माझी पहिलीपासूनची वर्गमैत्रीण. ती बौद्ध, मठाशी तिचं काही देणंघेणं नाही, पण एकटीने एवढं चालू नये म्हणून सोबत येते. मी आत जाते तेव्हा ती बाहेर बसते. मीही पौर्णिमेला कधी कधी तिच्याबरोबर विहारात जाते आणि मागच्या सतरंजीवर बसते. आमच्यात यावरून कधी चर्चा झाली नाही. करायची गरज पडली नाही.

तिचे वडील कोर्टात शिपाई होते. जुन्या सामानाच्या लिलावात त्यांनी एक मराठी टाइपरायटर घेतला आणि मॅट्रिक झालेल्या मुलीपुढे ठेवला. त्या यंत्रावर तिने कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं काढली. अर्ज, करार, प्रतिज्ञापत्रं. तिची एक सवय सगळ्या वकिलांना ठाऊक होती. टाइप केलेला कागद ती गिऱ्हाइकाला पूर्ण वाचून दाखवायची आणि मगच सहीला पेन द्यायची. खेड्यातली माणसं घाईत असायची.

"बाय, दे गो पेन. एस्टी जाईल माझी."

"एस्टी संध्याकाळी परत येते. केलेली सही परत येत नाही. ऐका."

वकील चिडायचे. एकजण तर म्हणाला होता, "ही बाई टायपिस्ट आहे की जज्ज?" पण तिच्याकडून कागद करून नेलेला माणूस नंतर अडकला, असं मी तरी कधी ऐकलं नाही.

पुढे सगळीकडे कॉम्प्युटर आले, शेड रिकामी झाली. आम्रपालीने जुना कॉम्प्युटर घेतला आणि नाचणे गावातल्या आपल्या दोन खोल्यांत लग्नपत्रिका, सोसायट्यांची इतिवृत्तं असलं काही टाइप करत राहिली. त्यात भागत नव्हतं. भाऊ महेंद्र मुंबईला असतो, तो पैसे पाठवतो म्हणायचा आणि ही नको म्हणायची.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मध्यस्थ मुलीमार्फत जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं काम तिच्याकडे आलं. तिथल्या एका बाईंनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बुरोंडीपासून जयगडापर्यंत किनाऱ्याने फिरून माणसांची बोलणी कॅसेटवर घेतली होती. ती आता जशीच्या तशी लिहून हवी होती. आधी पुण्यातल्या कुणा शिकलेल्या माणसाने ते काम केलं, पण लिहिताना सगळं शुद्ध करून टाकलं. 'नाय'चं 'नाही' केलं, शिव्या गाळल्या. काम परत आलं. खरं सांगते, माझ्या हातात लाल पेन असतं तर मीही तेच केलं असतं. आम्रपालीने मात्र जन्मभर लोक सांगतील तसंच टाइप केलेलं. बुरोंडीची येसूबाई म्हणून मासे विकणारी एक बाई टेपवर नवऱ्याची फजिती सांगता सांगता हसत सुटते. तिथे हिने लिहिलं, 'हसते. चाळीस सेकंद.' जर्मनीच्या बाईंनी पुढचं सगळं काम हिलाच दिलं. महिन्याला दोनशे चाळीस युरो.

पहिले पैसे मार्चमध्ये आले. बँकेतून विनीतचा फोन आला. विनीत परदेशी पैशांच्या टेबलावर असतो. जयगडचा, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. त्याच्या वडिलांचं वारसाचं प्रतिज्ञापत्र आम्रपालीने टाइप केलेलं, तेव्हापासून तो तिला मावशी म्हणतो. त्याने फॉर्म भरून तयार ठेवला होता. चहा मागवला होता. "मावशी, इथे एक आणि इथे एक," म्हणून बोट ठेवलं. आणि तीस वर्षं जगाला वाचून सही करायला लावणाऱ्या आम्रपालीने तो फॉर्म न वाचता सही केली.

असं कसं केलंस, मी तिला विचारलं होतं.

"चहा गरम होता आणि माणूस ओळखीचा होता. फसायला याहून जास्त काय लागतं?"

पैसे जमा झाले तेव्हा तिचं भांडण आधी वेगळंच होतं.

"विनीत, तिकडून दोनशे चाळीस निघाले. इथे दोनशे बावीस कसे पोचले?"

"मधल्या बँकेने कापले, मावशी."

"ही मधली कुठली?"

"ते आम्हाला कळत नाही. पैसे थेट येत नाहीत, एकदोन मोठ्या बँकांच्या हातून येतात. ज्याच्या हातून जातात तो थोडे ठेवून घेतो."

"हां. म्हणजे आमच्या गावच्या पाण्यासारखं. वरच्या वाडीचं भरून झालं की मग आम्हाला. बरं, पेपरात युरोचा भाव आहे त्याहून दीड रुपया कमी का लावलास?"

"तो बँकेचा भाव."

"आणि हे?"

"ते आपलं शुल्क."

"आणि त्याच्याखाली?"

"शुल्कावरचा जीएसटी."

"म्हणजे माझ्या पैशातनं कापायचं, आणि कापल्याबद्दलचा कर पण मीच भरायचा! झकास."

विनीत हसला, तीही हसली. शुल्काला काही इलाज नव्हता. पण पंधरा दिवसांनी ती पासबुक भरायला गेली तेव्हा दारातच शिपाई बाबल्याने अडवलं.

"काय आम्रपालीबाय, मुलगा जर्मनीला असतो म्हणे! इतकी वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. पेढे कुठायत?"

"कुणाचा मुलगा?"

"तुमचा! फाइल मीच वर नेली. लिहिलंय ना त्याच्यावर."

ती तशीच विनीतच्या टेबलापुढे गेली आणि आपण सही केलेल्या फॉर्मची प्रत मागितली. पैसे कशासाठी आले त्या रकान्यात लिहिलं होतं, कुटुंबाचा निर्वाह. पाठवणाऱ्याशी नातं, मुलगा. खाली, वरील माहिती खरी व बरोबर आहे. त्याखाली तिची वळणदार सही.

विनीतच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्याकडे बाहेरून पैसे येतात ते बहुतेक दोहा, कुवेत, मस्कतहून. बाईच्या नावावर आले म्हणजे नवऱ्याचे, बाई वयस्कर असली तर मुलाचे. विद्यापीठाचं नाव बघून त्याला वाटलं, मुलगा तिथे शिकवत असेल. विचारणं त्याला अवघड वाटलं असावं.

"रोजची सवय, मावशी. हात तिथेच जातो."

"हात तुझा जातो, सही माझी जाते."

दोघंजण साहेबांकडे गेली. साहेब नवे, देशावरचे, बोलायला सौम्य.

"मॅडम, ती फक्त फॉर्मॅलिटी असते."

"साहेब, फॉर्मॅलिटीपायी माणसं आत गेलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितलीत. मला मुलगा नाही. हे पैसे मी बोटं दुखवून मिळवलेत. तसं लिहा."

"झालेली नोंद बदलता येत नाही. सिस्टीम लॉक होते."

"म्हणजे हा मुलगा आता मला कायमचा?"

"कागदावर."

"मग नाव काय ठेवलंत त्याचं?"

साहेबांनी फाइल मिटली. विनीत टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला.

त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. मला वाटलं होतं शुल्काचं गाऱ्हाणं असेल. पण ती म्हणाली, "राही, मी विहारात पंचशील म्हणते. चौथ्याला खोटं बोलणार नाही म्हणते आणि जीभ अडखळते माझी. तीस वर्षांत माझ्या हातनं खोटा कागद एकच गेला, आणि त्याच्याखाली सही माझी."

एप्रिल आणि मेचे पैसे एकदम आले, तेव्हा तिने मला बरोबर नेलं. विनीतने यावेळी मुलगा काढला होता आणि नात्याच्या रकान्यात 'इतर' घातलं होतं. कारण मात्र तेच, कुटुंबाचा निर्वाह. काम म्हणून लिहायचं तर करार लागतो, बिल लागतं, सगळं मुंबईच्या कार्यालयात जातं, दिवस लागतात. ठरलेल्या मुदतीत सही नाही झाली तर पैसे आले तसे परत.

"मग जाऊ देत परत," आम्रपाली म्हणाली.

मी तिचा हात दाबला. "अगो, सही करून टाक. दोन महिन्यांचे पैसे आहेत. कोण बघतंय?"

तिने माझ्याकडे वळून बघितलं. "तू देवाला नारळ वाढवतेस तेव्हा नाव-गोत्र सांगतेस ना? शेजारणीचं सांगशील? कोण बघतंय?"

तिने सही केली नाही. पैसे परत गेले, आणि परत जातानाही मधल्यांनी आपापलं कापून घेतलंच. विद्यापीठाच्या हिशेबनिसाने पुण्याच्या मध्यस्थ मुलीकरवी निरोप दिला, अजून एकदा पाठवू. तेही परत आले तर काम थांबवावं लागेल.

महेंद्रला मुंबईत कळलं तेव्हा तो फोनवर वैतागला. "ताई, माझ्या खात्यावर मागव ना! मी तिथून तुला टाकतो. संपला विषय."

"म्हणजे मग खरंच घरच्याने पाठवलेले होतील. ते बँकेला लिहायला सोपं," असं म्हणून तिने फोन ठेवला. त्या दिवसांत तिच्याकडे गॅस संपला होता आणि ती कोळशाच्या शेगडीवर भात करत होती, हे मला नंतर कळलं. मी रागावले तर म्हणाली, "भात चांगला होतो गो शेगडीवर."

आता बिल करायचं होतं. आम्रपालीने आयुष्यात बिल केलेलं नव्हतं. तिला येत होतं ते तिने केलं. पाचशेचा स्टॅम्पपेपर आणला आणि त्यावर टाइप केलं: मी, आम्रपाली गंगाराम तांबे, वय एकोणसाठ, धंदा टंकलेखन, राहणार नाचणे, तालुका जिल्हा रत्नागिरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, मी अमुक इतक्या ध्वनिफिती ऐकून त्यातील बोलणे शब्दशः लिहिले असून त्याचा मोबदला मला मिळणे आहे. सदर रक्कम माझ्या श्रमाची असून ती मला कोणाही नातेवाइकाने पाठविलेली नाही. नोटरीचा शिक्का मारला, गोल लाल सील लावलं, फोटो काढून जर्मनीला पाठवून दिला.

दोन दिवसांनी पुण्याची मुलगी फोनवर हसत होती. "ताई, हिशेबनीस विचारतोय, या कागदावर सिंह का आहेत? आणि आम्ही काही गुन्हा केलाय का?"

आम्रपालीला राग आला, मग तीही हसली. मुलीने बिलाचा साधा नमुना पाठवला. हिने तसं बिल केलं आणि त्यांना आणखी एक लिहून कळवलं, की यापुढे वाटेतलं शुल्क पाठवणाऱ्याने भरावं. त्यांनी ते मान्य केलं. इतके महिने कुणी मागितलंच नव्हतं म्हणे.

स्टॅम्पपेपर मात्र वाया गेला नाही. जुलैत पैसे आले तेव्हा तिने करार, बिल आणि वर ते प्रतिज्ञापत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मुंबईच्या कार्यालयाला कारणाबद्दल ग्राहकाचं लेखी निवेदन हवंच होतं. एवढं शिक्क्यांचं निवेदन त्यांनी बहुधा बघितलं नसावं. अकरा दिवसांनी पैसे जमा झाले. कारण, व्यावसायिक काम. तसा दाखला हवा तर वेगळं शुल्क पडेल, असं विनीतने चाचरत सांगितलं.

"किती?"

त्याने सांगितलं.

"घे. आणि त्याची पावती दे. तुमचं काय कापायचं ते कापा, पण पावतीवाचून एक पैसा जाऊ देणार नाही मी."

तेव्हापासून दर महिन्याला पैसे येतात, कारण बरोबर लागतं. कुणीही म्हणेल, झालं, जिंकली. मीही तसंच धरून चालले होते. पण मार्चची ती पहिली नोंद तशीच होती, आणि तिच्यासाठी आम्रपाली दर महिन्याला शाखेत जाऊन बसत होती.

गोळपच्या सड्यावर ऊन चढलं. दोन्हीकडे काळा कातळ, पिवळं पडलेलं गवत, खाली बागांतून मोहोरावर मारलेल्या औषधाचा वास. फाट्यावर आम्ही चहा घेतला. आम्रपालीच्या टाचेला फोड आला होता. एस्टी आली, कंडक्टरने थांबवून विचारलं, "मावश्यांनो, येताय काय?" मी तिच्याकडे बघितलं. तिने हाताने पुढे जा अशी खूण केली.

"परवा साहेब काय म्हणाले नेमकं?" मी विचारलं.

"म्हणाले, मॅडम, आता तुमचं सगळं सुरळीत आहे, जुनं कशाला उकरता? मी म्हटलं, साहेब, तुमच्या घरात कुणी खोटा माणूस आणून बसवला तर तो गप्प बसलाय म्हणून राहू द्याल? मग म्हणाले, प्रतिज्ञापत्र द्या, मी वर पाठवतो. होईलच असं नाही."

"आणि नाही झालं तर?"

"तर वरच्याच्या वरती. मला आता काय, पाय आहेत आणि टाइप येतंय."

पावसला पोचलो तेव्हा दुपारची आरती व्हायची होती. ती बाहेर पायरीच्या बाजूला सावलीत बसली. मी आत गेले, डोकं टेकलं. बाहेर येऊन बघते तर तिने पिशवीतून कागद काढून मांडीवर ठेवला होता. टाइप केलेली दोन पानं. मी तिच्याशेजारी बसून पहिल्या ओळी वाचल्या. त्यात लिहिलं होतं, की मार्च महिन्यातील फॉर्मवर मी स्वतः, न वाचता, सही केली. त्यातील मुलगा हे नाते खोटे आहे. ही चूक माझी आहे.

मी वाचता वाचता कागदावर हात ठेवला. "अगो, हे तू आपल्या हाताने कबुली देतेस. उद्या तुझ्यावरच उलटलं तर?"

"चूक माझ्या हाताने झाली, मग कबुली कुणाच्या हाताने देऊ?"

"विनीतचं नाव कुठेच नाही यात."

"सही माझी होती."

तिने पेन काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे एक जागा मोकळी होती. मला ओळखणारी व्यक्ती, असं लिहिलेली.

"नोटरीला ओळखदार लागतो," ती म्हणाली. "मला मुलगा नाही हे शपथेवर सांगू शकेल असं पहिलीपासूनचं माणूस तूच आहेस. तुझी सही पायजे, राही. पण आधी दोन्ही पानं पूर्ण वाच, सावकाश. मी लिहिलंय म्हणून खरं धरू नकोस. एक ओळ जरी तुझ्या मनाला पटली नाही तरी करू नकोस सही."